‘सातबाऱ्या’ शोधलं तर तीन, ‘सातबा’ शोधलं तर अकरा

मंडळी, भात झोडून झालं, उडवी रचून झाली, वाल टाकायला खाचरातली ओल अजून चार दिवस बघावी लागेल. तोवर आजची नोंद बांधावरची नाही, घरातल्या कॉम्प्युटरची. मागच्या महिन्यापासून बऱ्याच जणांचं विचारणं चालू आहे, दादा हिशेब कशात ठेवता, कागद कुठं ठेवता, कुठलं सॉफ्टवेअर विकत घ्यावं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देतो. विकत काही घेऊ नका. घरात जे खोकं आहे त्यातच काम होतं, फक्त चार ठिकाणी त्याला वळण लावावं लागतं.

आमच्या भागात हे जरा जास्तच लागू आहे. १९७० साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांवर नवी मुंबई बसली. तेव्हापासून आमच्याकडं शेतापेक्षा शेताचे कागद जास्त. संपादनाच्या नोटिसा, अवॉर्डच्या प्रती, फेरफार, वारसांची प्रतिज्ञापत्रं, साडेबारा टक्क्यांच्या फायली. ज्याची दोन खाचरं उरलीत त्याच्याकडंही ट्रंकभर कागद असतात. त्यामुळं आमच्या घरच्या कॉम्प्युटरचं पहिलं काम पिक्चर बघणं नाही. मागितलेला कागद पाच मिनिटांत काढून देणं हे आहे.

आता मराठी टायपिंगची एक भानगड सांगतो. ही कळली तर बाकीची अर्धी नोंद वाचली नाही तरी चालेल.

हे दोन शब्द बघा: शेतकऱ्याचा, शेतकर्‍याचा. डोळ्याला एकच दिसतात ना? कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यात खाली नुक्ता असलेला ‘ऱ’ आहे, त्याचा पाय मोडून पुढं ‘य’ लावलाय. दुसऱ्यात साधा ‘र’ आहे, त्याचा पाय मोडलाय आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह बसवलंय. युनिकोडमध्ये दोन्ही रीती मान्य आहेत. ‘ऱ’ची पद्धत बरी समजली जाते, दुसरी जुन्या मजकुरासाठी ठेवलेली आहे. हा अर्धा र आपल्याला लागतोच, कारण मराठीत ‘दर्या’ वेगळा आणि ‘दऱ्या’ वेगळ्या. एक उरणच्या बाजूला, दुसऱ्या माथेरानच्या.

आता आपल्या धंद्यातले शब्द मोजा. शेतकऱ्याचा, सातबाऱ्यावर, व्यापाऱ्याकडं, चाऱ्याचा, भाऱ्याची मजुरी, वाऱ्यानं पडलेलं भात, कुऱ्हाड, गोऱ्हा, गुऱ्हाळ. सगळीकडं तोच अर्धा र. दुसऱ्या कुठल्या धंद्याला ही अडचण एवढी येत नसेल. घरात तीन माणसं तीन प्रकारे टाइप करतात. मी इनस्क्रिप्टवर, मुलगी फोनवर, आणि काही अर्ज कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं त्याच्या जुन्या प्रोग्राममध्ये केलेले. खर्चाच्या शीटला फिल्टर लावला तर ‘चाऱ्याचा खर्च’ दोनदा दिसतो, दोन्हींसमोर वेगवेगळी बेरीज. आणि कधी एखादं ॲप ते न दिसणारं जोडचिन्ह गाळून टाकतं, मग शब्द ‘शेतकर्या’ होतो, डोक्यावर रफार घेऊन. तुम्ही हा अवतार वेबसाइटींवर शंभर वेळा पाहिला असेल. टाइप करणाऱ्याला शुद्धलेखन येत नव्हतं असंच दर वेळी नसतं, कधी मधलं चिन्ह गळालेलं असतं.

याला उपाय दोन. कायमचा उपाय म्हणजे घरात सगळ्यांनी ‘ऱ’ वापरायचा. इनस्क्रिप्टवर जिथं ‘र’ आहे, म्हणजे इंग्रजी ‘जे’ची कळ, तिथंच शिफ्ट दाबून ‘ऱ’ येतो. मग ‘डी’च्या कळीनं पाय मोडायचा आणि ‘य’. तीन टिचक्या. जुना मजकूर सरळ करायचा तर आधी फाइलची प्रत काढून ठेवा, मग ‘शोधा आणि बदला’च्या वरच्या खान्यात जुना शब्द चिकटवा, खालच्यात नवा, आणि एकेक शब्द बदलत जा.

दुसरा उपाय आजच्या आज करता येतो. शोधताना पूर्ण शब्द टाकूच नका. अर्ध्या र च्या आधी थांबा. ‘शेतकऱ्या’ऐवजी ‘शेतक’, ‘सातबाऱ्या’ऐवजी ‘सातबा’, ‘व्यापाऱ्या’ऐवजी ‘व्यापा’.

हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते आत्याच्या कामात. आजोबांची एक जमीन शहरासाठी गेलेली, तिच्या साडेबारा टक्क्यांच्या प्रकरणात वारसांची यादी लागली आणि त्यात आत्याचं नाव नव्हतं. चुलत्यांची नावं होती, त्यांच्या मुलांची होती. आत्या लग्न होऊन उरणला गेलेली, आता ऐंशीच्या घरात. ती एवढंच म्हणाली, “माझं नाव होतं रे कागदावर, बाबांनी मला दाखवलं होतं.” एका कार्यालयात सांगितलं गेलं, जुना फेरफार असेल तर सोमवारी आणा. आज शुक्रवार. ट्रंकेतले कागद दोन पावसाळ्यांपूर्वी मुलीनं आणि मी स्कॅन करून ठेवले होते, नावं तिनं फोनवरून दिलेली. मी ‘सातबाऱ्या’ टाकून शोधलं, तीन फायली आल्या, तिन्ही अलीकडच्या. मग ‘सातबा’ टाकलं तर अकरा आल्या. आठव्या फाइलीचं नाव होतं ‘जुन्या सातबाऱ्यावरचे वारस’, आणि तिच्यात फेरफाराचं पान, खाली आत्याचं माहेरचं नाव, स्पष्ट अक्षरात. आजोबा गेल्यानंतरची वारस नोंद. ती प्रिंट घेऊन सोमवारी गेलो. सुनावणी अजून चालू आहे, पण यादी आता आत्याशिवाय पुढं जात नाही.

ज्या प्रोग्राममध्ये शोधलं त्याचं नाव ‘एव्हरीथिंग’. फुकट आहे, लहान आहे, कॉम्प्युटरवरच्या सगळ्या फायलींच्या नावांची यादी करून ठेवतो आणि टाइप करता करता निकाल दाखवतो. शब्दाचा तुकडा नावात मधे कुठंही असला तरी सापडतो. विंडोजचा स्वतःचा शोध यापुढं बैलगाडी आहे. मात्र याच्या यादीत नावंच असतात, फाइलीच्या पोटातलं नसतं, म्हणून नाव नीट द्यायला हवं.

नाव देण्याची आमची रीत: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग कागद काय आहे, मग गाव, मग सर्व्हे नंबर. तारीख अशी उलटी लिहिली की फायली आपोआप काळाच्या क्रमानं रांगेत उभ्या राहतात. दिवस आधी लिहिला तर सगळ्या वर्षांच्या एक तारखा एकत्र येतात, त्याचा काही उपयोग नाही. अंक इंग्रजी ठेवा, म्हणजे घरातल्या कुणालाही शोधता येतात. हिस्सा नंबर ४/२ असेल तर नावात तिरकी रेघ चालत नाही, विंडोज ती घेतच नाही, तिथं आडवी रेघ द्या.

आणि तिरक्या रेघेवरून एक्सेल आठवलं. रायगडात आपले नंबर असेच, सर्व्हे नंबर आणि हिस्सा. एक्सेलच्या खान्यात ४/२ टाकून एंटर दाबा, तो त्याची ४ फेब्रुवारी करतो. मग तुम्ही घाबरून खान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ केला तर तिथं ४५६९२ असा काहीतरी आकडा येतो, कारण एक्सेल तारखा १९०० सालापासूनचे दिवस मोजून साठवतो. तुमचा हिस्सा नंबर गेला तो गेला. गावातल्या पन्नास खातेदारांची यादी अशी बिघडलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि ती तशीच छापून अर्जाला जोडलेली होती. म्हणून आकडे भरायच्या आधी तो पूर्ण उभा रकाना निवडून ‘टेक्स्ट’ करा. एखादाच नंबर असेल तर आधी एक एकेरी अवतरणचिन्ह टाका, मग नंबर. लिब्रेऑफिसमध्येही हीच सवय ठेवा. लिब्रेऑफिस फुकट आहे, घरच्या हिशेबाला आणि अर्जांना पुरून उरतं, चोरीचं ऑफिस टाकून व्हायरस घरी आणायची गरज नाही.

क्षेत्राचंही असंच. सातबारावर हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहिलेलं असतं, ०.१२.५० वगैरे. दोन टिंबांचा आकडा कुठल्याच शीटला कळत नाही. तीन रकाने करा, आणि चौथ्यात सूत्र: हेक्टर गुणिले १०,०००, अधिक आर गुणिले १००, अधिक चौरस मीटर, आणि सगळ्याला भागिले १०१.१७. उत्तर गुंठ्यांत येतं. वरच्या उदाहरणाचे १२.३६ गुंठे होतात. लोक आर आणि गुंठा एकच धरतात. एका हेक्टरला १०० आर पण ९८.८४ गुंठे. म्हणजे हेक्टरमागं एक गुंठ्याहून जास्त फरक. दुसरीकडं कुठं असेल किरकोळ, आमच्याकडं गुंठ्यावरून भाऊबंद कोर्टात आहेत.

टायपिंगचा अजून एक फायदा घ्या. अर्जात तीच तीच वाक्यं असतात, ‘मौजे अमुक, ता. पनवेल, जि. रायगड’, ‘महोदय, मी खाली सही करणार’. वर्डमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये ‘ऑटोकरेक्ट’ नावाची यादी असते. तिच्यात डावीकडं ‘मौप’ आणि उजवीकडं पूर्ण पत्ता टाकून ठेवा. पुढच्या वेळी ‘मौप’ लिहून स्पेस दिली की पत्ता हजर. नवी मुंबईकरांनी दोन करून ठेवा, कारण वाशी, तुर्भे, बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि खारघर, कामोठे रायगडात. शहर एकच पण अर्जावरचा जिल्हा वेगळा, आणि चुकला की अर्ज परत.

इनस्क्रिप्ट अवघड वाटत असेल तर विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिकही आतच आहे, वेगळं काही उतरवायला नको. सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडा, विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी-मराठी बदला. माझं मत इनस्क्रिप्टच्या बाजूनं आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आठ-दहा दिवस रोज अर्धा तास बसलं की बोटं वळतात. आणि जे लिहितो तेच उमटतं, कॉम्प्युटर मधे अंदाज बांधत नाही. पण ज्याला जे जमेल ते, फक्त युनिकोड पाहिजे.

हे ‘फक्त युनिकोड’ का, तर जुन्या फायलींसाठी. नव्वदच्या दशकात आणि नंतरही बरीच वर्षं डीटीपीवाले श्रीलिपी, शिवाजी असल्या फॉन्टांत टाइप करायचे. त्यात आत साठवलेली अक्षरं इंग्रजी किंवा चिन्हंच असतात, वरचा फॉन्ट त्यांना मराठीचा सदरा घालतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की नुसता किचाट. आमच्या ग्रामस्थ मंडळाचे जुने ठराव असेच एका सीडीत होते. अशा फायली कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणता येतात, मात्र कोणता फॉन्ट होता ते आधी कळायला हवं, आणि नंतर जोडाक्षरं एकेक तपासायला हवीत. नावं आणि आकडे छापील प्रतीशी ताडून बघा, कन्व्हर्टरवर विसंबू नका. नवा कागद कुणाला पाठवायचा तर पीडीएफ करूनच पाठवा, मग समोरच्याकडं फॉन्ट असो नसो.

छापील मराठी कागदाचा फोटो गूगल ड्राइव्हमध्ये टाकून ‘डॉक्स’मध्ये उघडला तर तो अक्षरं ओळखून मजकूर करून देतो. स्वच्छ छपाई असेल तर काम चांगलं होतं, तलाठ्याच्या हस्ताक्षरापुढं तोही हात टेकतो. आणि ज्यांच्याकडं मोडीतले कागद आहेत त्यांनी मोडी वाचणारा माणूसच शोधावा.

फोटोंचं थोडक्यात. पंचनाम्यासाठी पडलेल्या भाताचा फोटो काढला की त्यात तारीख-वेळ आत लिहिलेली असते, लोकेशन चालू असेल तर जागाही. तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की ही माहिती निघून जाते आणि फोटोही बारीक होतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, जसाच्या तसा जातो. बाजारच्या पट्ट्यांचेही फोटो मी तसेच घरच्या कॉम्प्युटरवर घेतो आणि वाशीहून माल विकून आल्यावर त्याच रात्री शीटमध्ये भरतो: वजन, भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडं, हातात आलेली रक्कम. २०१६ पासून फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची आहे. पट्टीवर ती अडत या नावानं दिसत नाही, पण वर्षभराच्या कपाती एका रकान्यात खालीवर लावल्या की एका ठिकाणी ‘इतर’ नावाखाली दर वेळी साधारण तेवढीच टक्केवारी कापलेली दिसली. शीटची प्रिंट पुढं ठेवून विचारलं. पुढच्या पट्टीपासून ‘इतर’ बंद झालं. मागचे पैसे मात्र आले नाहीत.

आता मशीन हळू चालतंय अशी तक्रार. ‘स्पीड वाढवा’वाले फुकटे क्लीनर टाकू नका, ते स्वतःच मशीनच्या छातीवर बसतात. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा, ‘स्टार्टअप’मध्ये जा आणि चालू होतानाच उठणारे नको ते प्रोग्राम बंद करा. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवा, दहा वर्षांच्या मशीनला यासारखा दुसरा उतारा नाही. आमच्या खाडीकाठच्या हवेत पंख्यात धूळ आणि ओल एकत्र बसते, दिवाळीत घर झाडता तेव्हा सीपीयूचं झाकणही उघडा, आधी वायर काढून. पावसाळ्यात वीज झटके देते, यूपीएस हवाच.

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. मशीन चालत राहतं, पण सुरक्षेची दुरुस्ती येत नाही. घरच्या वापरासाठी एक वर्षाची वाढीव मुदत घेता येते, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. बऱ्याच जुन्या मशीनवर ११ चढत नाही, म्हणून लगेच नवा कॉम्प्युटर घ्यायला धावू नका. मी जुन्या मशीनवर लिनक्स मिंट टाकून बघितलंय. मराठी इनस्क्रिप्ट आहे, लिब्रेऑफिस आहे, ब्राउझर आहे. सातबारा काढणं, अर्ज, हिशेब, सगळं होतं. एव्हरीथिंग तिथं नाही, त्याऐवजी ‘एफसर्च’ चालतो, ‘सातबा’ त्यालाही कळतं.

डिजिटल सहीचा सातबारा काढलात तर पीडीएफ तिथंच ‘डाउनलोड’मध्ये सोडू नका, लगेच नाव देऊन जागेवर ठेवा. आणि दर वर्षी एक काढा, आधीचा पुसू नका. इतर हक्कांत काय कधी चढलं ते दोन वर्षांच्या प्रती शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही.

राहिली प्रतींची गोष्ट. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आमच्याकडंही घराघरांत पाणी होतं. कागदांच्या ट्रंका तेव्हा माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. कॉम्प्युटर जमिनीवर असतो. ड्राइव्हवर टाकलं म्हणजे झालं असं समजू नका. इथं पुसलं की तिथूनही जातं, तिथली कचरापेटी तीस दिवसांची. मी एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत घेतो, आणि घेऊन झाली की वायर काढून ठेवतो. दुसरी डिस्क बहिणीकडं अलिबागला असते. वर्षातून दोनदा डिस्कांची अदलाबदल, गणपतीत आणि वालाच्या शेंगा द्यायला जातो तेव्हा. पुढची फेरी फेब्रुवारीत, शेंगा धरल्या तर.